पाच पिशव्या आणि जऊळक्याच्या स्टेशनावरची बाई

आमच्या मधल्या खोलीत भिंतीला पाच खिळे आहेत आणि पाच खिळ्यांना पाच कापडी पिशव्या. लग्नाचा बस्ता बांधला की कापडवाला खूश होऊन देतो, तसल्या. पिवळीत लग्नपत्रिकांचा मजकूर आणि उखाणे. पांढरीत श्रद्धांजल्या आणि तेरवीच्या पत्रिका. निळीत निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं. हिरवीत बचत गटांचे अहवाल आणि शाळेच्या गॅदरिंगची नाटुकली. पाचवी लाल पिशवी दारामागे आहे, तिच्यात माझी कादंबरी. दार उघडं असलं की ती दिसत नाही, आणि आमचं दार दिवसभर उघडंच असतं. मी ती मुद्दाम तिथे टांगली नाही. माझ्या सासऱ्यांचा यावर विश्वास नाही.

वाशीममध्ये मला लेखिका कोणी म्हणत नाही, 'लिहून देणारी बाई' म्हणतात. मला ते आवडतं, कारण त्यात निदान लिहून दिल्याची कबुली आहे. हा धंदा मागे लागला तो नणंदेच्या लग्नात. पत्रिका छापायला बाजारातल्या एका छापखान्यात गेले, तिथला ठरीव मजकूर वाचून माझं डोकं फिरलं आणि काउंटरवर उभ्याउभ्याच मी तो खोडून नवा लिहिला. छापखान्याच्या मालकांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "ताई, असंच आणखी लिहून द्यान का?" तेव्हापासून मी त्यांना भाई म्हणते आणि ते रोज मला फोन करतात.

भाईंची घाई मोजायची एक पद्धत आहे. गिऱ्हाईक दुकानात आलं की ते त्याला चहा पाजतात. एक चहा झाला असेल तर माझ्या हातात दोन दिवस असतात. दुसरा चहा म्हणजे संध्याकाळपर्यंत. समोसा मागवला म्हणजे आत्ताच, फोनवर, तोंडी.

"ताई, पार्टी बसून राह्यली," ते म्हणतात.

"चहा का समोसा?"

"समोसा. अन तेबी दुसरा."

मग मी कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत एखाद्या अनोळखी मुलीचं लग्न लावून टाकते. उखाणे तर मी घाऊक करून ठेवलेत, नावाची जागा रिकामी सोडून. 'वांग्याच्या भाजीत घातलं खोबरं किसून, टिंबटिंबराव बसले माझ्यावर रुसून.' किंवा 'तुरीच्या शेताला आला पिवळा बहर, टिंबटिंबरावांच्या फोनला चार्जिंग नाही दिवसभर.' नवऱ्या मुली येतात, पिशवीत हात घालतात, एक उचलतात आणि टिंबांमध्ये नवरा बसवून निघून जातात.

मानपत्रात खोटं लिहायला मला आवडत नाही, म्हणून मी खरंच लिहिते, फक्त जरा वळवून. एक ग्रामसेवक होते, ते ऑफिसात कधी कोणाला सापडले नाहीत. त्यांच्या मानपत्रात मी लिहिलं, 'कार्यालयाच्या चार भिंतींत त्यांनी स्वतःला कधी अडकवून घेतलं नाही.' ते वाचताना त्यांचे डोळे भरून आले आणि मागे बसलेलं अख्खं गाव तोंडाला रुमाल लावून बसलं.

खरी कसोटी मे महिन्यात. आमच्याकडच्या अर्ध्या मास्तरांचा जन्म एक जूनचा आहे. त्यांच्या आयांना खरी तारीख आठवत नव्हती आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी हीच सोयीची तारीख सगळ्यांना वाटून टाकली. त्यामुळे मेच्या अखेरीस सगळे एकदम निवृत्त होतात. लग्नांची गर्दीही तेव्हाच. आणि त्या उन्हात म्हातारी माणसंही तग धरत नाहीत. एका मेमध्ये मी एकाच दिवशी दोन लग्नं लावली, तीन मास्तर निवृत्त केले आणि एका आजीबाईंना स्वर्गात पाठवलं, आणि संध्याकाळी नवऱ्याने "आज काय केलं दिवसभर?" असं विचारलं तेव्हा मला रडू आलं.

या सगळ्यात कादंबरी तेवढी राहिली.

तिची चार प्रकरणं मी पहिल्याच वर्षात लिहिली होती, अगदी झरझर. चौथ्याच्या शेवटी एक बाई जऊळक्याच्या रेल्वे स्टेशनावर येऊन उभी राहते. हातात पिशवी, पदर डोक्यावर, गाडी यायची आहे. आणि तिथे मी थांबले. चार वर्षं झाली, ती बाई तिथेच उभी होती.

हे घरात एकाच माणसाला माहीत होतं. माझे सासरे, ज्यांना मी इकडच्या रीतीप्रमाणे मामाजी म्हणते, ते सातवी शिकलेले आणि वाचायचं वेड जन्माचं. भज्यांचा कागदसुद्धा आधी वाचून मग टाकतात. गावाच्या कडेला आमचा मळा आहे, वांगी, मेथी, सांबार, असा बाजाराचा माल. सांबार म्हणजे कोथिंबीर, डोशाबरोबरचं नव्हे. आता मळा नवरा बघतो आणि ऐंशी ओलांडलेले मामाजी घरापुढच्या ओट्यावर बसून माझ्यावर लक्ष ठेवतात. पंधरा दिवसांतून एकदा ते विचारायचे.

"सूनबाई, बसली का ते गाडीत?"

"नाई मामाजी. कामं होती."

"अवं मंग तिले बाकड्यावर तरी बसव. पाय दुखत असतीन तिचे."

त्यांच्या समाधानासाठी मी 'ती बाकावर बसली' एवढं लिहिलं. त्या वर्षी कादंबरीत लिहिलेलं ते माझं एकमेव वाक्य.

ती बाई कोण, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ती माझी सासू, माझ्या आत्याबाई. मामाजींशी भांडण झाल्यावर ती एकदा घरातून निघून गेली होती. वाशीमच्या स्टेशनावर अर्धा भाजीबाजार ओळखीचा, म्हणून एसटीने जऊळक्याला गेली, आणि संध्याकाळी परत आली. तेव्हा माझा नवरा तीन वर्षांचा होता. वारायच्या आदल्या वर्षी मेथी निवडता निवडता तिने मला हे सांगितलं. "गाडी आली होती," एवढं म्हणाली आणि काड्या गोळा करायला लागली. चढली का, कुठे निघाली होती, परत का आली, काही नाही. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तिने मला कणीक मळायला पाठवलं. तिच्यामागे मी कादंबरी लिहायला घेतली ती तिच्यासाठी, आणि तिच्यापाशीच अडले.

पण अडण्याचं हे कारण मी कोणाला सांगत नव्हते. मी सांगायची, वेळच मिळत नाही. आणि ते लोकांना लगेच पटायचं, कारण पिशव्या भिंतीवर सगळ्यांना दिसत होत्या.

मामाजींना मात्र ते वेळेचं दुखणं वाटलं आणि त्यांनी औषध सांगितलं. मळ्यात पाणी द्यायची रीत अशी की पाटाचं पाणी एका वाफ्यात सोडायचं आणि तोवर बाकीच्या वाफ्यांची तोंडं मातीने बुजवून ठेवायची.

"सगळ्यायची तोंडं खुली ठेवशीन तं पाणी पाटातच मरते," ते म्हणाले. "एकाचं भरलं का मंग दुसऱ्याचं खोल. एका दिवशी एकच पिशवी काढ."

मी तसं ठरवलं. सोमवारी पिवळी, मंगळवारी पांढरी, बुधवारी निळी, गुरुवारी हिरवी आणि शुक्रवारी लाल. सोमवार छान गेला. मंगळवारी कोणी मेलं नाही, म्हणून मी निवांत वाती वळल्या. बुधवारी सकाळी भाईंचा फोन आला, की काल रात्री एक काका वारले आणि पार्टी समोसा खाऊन राह्यली आहे. मी म्हटलं, आज निळीचा वार आहे. भाई अगदी अदबीने म्हणाले, "ताई, मरहूमले तुमचं टाइमटेबल माहीत नव्हतं."

शुक्रवारपर्यंत सगळे वाफे एकमेकांत फुटले होते. मामाजींनी संध्याकाळी विचारलं, "शेवटचा वाफा कोणता राह्यला?"

"लाल."

"माह्याबी मळ्यात एक वाफा असाच शेवटी राहे," ते म्हणाले आणि उठून आत गेले. मला वाटलं, जेवायची वेळ झाली म्हणून.

त्यानंतर मला एक युक्ती सुचली. उखाणे आधी लिहून ठेवता येतात, मानपत्रंही येतात, कारण मास्तर कधी निवृत्त होणार हे सरकारला माहीत असतं. मग श्रद्धांजल्या का नाही? मी वही घेतली, आमच्या भागातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांची यादी केली आणि एका निवांत दुपारी एकेकाला निकालात काढलं. तारखेची जागा रिकामी. नातवंडांचा आकडा पेन्सिलीने, कारण तो बदलतो. चार तासांत अकरा माणसं झाली. सगळी मनमिळाऊ. आमच्या भागात मनमिळाऊ नसलेला माणूस मरतच नाही.

यादीत अकरावे मामाजी होते. त्यांना वगळावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मग वाटलं, ती वेळ येईल तेव्हा मला लिहायचं सुचणारच नाही, आणि भाई ठरीव मजकूर छापून मोकळे होतील. म्हणून त्यांचंही लिहिलं. लिहिताना थोडं रडले, मग चहा केला, त्यांनाही दिला.

आता हे अकरा कागद ठेवायचे कुठे? पांढऱ्या पिशवीत ठेवले तर छापखान्यात जाताना नवरा तीच उचलून न्यायचा. एक चुकीचा कागद गेला असता तर जिवंत माणसाच्या दारात लोक दुखवट्याची टॉवेल-टोपी घेऊन जमले असते. घरात अशी एकच जागा होती जिथे कोणी कधी हात घालत नव्हतं, मीसुद्धा नाही. मी ते कागद लाल पिशवीत ठेवले आणि निर्धास्त झाले.

आठ दिवसांनी मी भाजी चिरत होते आणि ओट्यावरून हाक आली.

"सूनबाई, मी कवा मेलो?"

माझ्या हातातलं वांगं पडलं. बाहेर गेले तर मामाजी चष्मा लावून बसले होते, मांडीवर लाल पिशवी आणि हातात त्यांचा कागद. ते पिशवीत बघायला गेले होते, ती बाई गाडीत बसली का ते. बाई काही हलली नव्हती, पण तिच्या शेजारी मी अकरा जणांची मयत रचून ठेवलेली त्यांना सापडली.

मी पाया पडायच्याच तयारीत होते. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"हे मनमिळाऊ कोण हाय?"

"तुमी, मामाजी."

"मी कवा मनमिळाऊ होतो? गावभर हसतीन लोकं. काप ते."

मी पेन्सिल आणून कापलं. मग त्यांनी दुसरा कागद पुढे केला. तो पलीकडच्या मळ्यातल्या आजोबांचा होता. दोघांचं शेताच्या धुऱ्यावरून भांडण आहे, माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचं. धुरा म्हणजे दोन शेतांमधली एक हातभर मातीची पट्टी, तिच्यावर धड गवतही उगवत नाही.

"मी मोजल्या," मामाजी म्हणाले. "त्याले नऊ ओळी. मले सहा. घरच्या सुनेनं सहा?"

"त्यायचे नातवंडं जास्त आहेत, मामाजी. नावातच तीन ओळी जातात."

"मंग माह्या तीन ओळी दुसऱ्या कशानं भर."

"कशानं भरू? तुमीच सांगा."

ते विचारात पडले. "सांगतो," म्हणाले, "विचार करून सांगतो. मले काही घाई नाही."

पुढचे कित्येक महिने आमच्या घरी हेच चाललं. मामाजी स्वतःच्या निधनाचं प्रूफ तपासत होते. सकाळी अंघोळीला जाताना थांबून म्हणायचे, "लिही, एकदा त्यायच्या एका वांग्याचं भरीत सहा जणायनं खाल्लं." दुपारी येऊन म्हणायचे, "काप. लोकं म्हणतीन, वांग्याशिवाय काही केलंच नाही." मग तंटामुक्ती समितीत होते ते टाक म्हणाले. मी त्यांना धुऱ्याची आठवण करून दिली, तेव्हा तेही कापलं. नवरा म्हणायचा, तुम्ही दोघं काय हा तमाशा लावला आहे. पण मला मजा येत होती आणि मामाजींना माझ्याहून जास्त. तीन ओळी काही भरत नव्हत्या.

भाईंना मी हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांनी एकटं असताना स्वतःसाठी समोसा मागवला. आणि मग हळूच म्हणाले, "ताई, त्या यादीत मी नाही ना?" मी म्हटलं, तुमची साठीही झाली नाही. "बस, इंशाअल्ला, तेवढंच विचारायचं होतं," म्हणाले आणि त्या आठवड्यात मला एकदाही फोन केला नाही.

मग तो दिवाळीनंतरचा दिवस. छापताना बिघडलेल्या लग्नपत्रिका मी घरी आणते, मागची बाजू कोरी असते म्हणून. दुपारी मी निळी पिवळीत आणि पिवळी हिरवीत असा घोळ निस्तरत बसले होते, तेव्हा मामाजींनी अशी एक पत्रिका माझ्यापुढे ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसले. मागे त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं. ते जसंच्या तसं देते, कारण माझ्या हातचं इतकं चांगलं कधी झालेलं नाही.

'दुःखद निधन. कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमच्या सूनबाई दिनांक टिंबटिंब रोजी दुसऱ्याचे लिहिता लिहिता गेल्या. त्यांनी पुष्कळांची लग्ने लावली, सर्व मास्तर निवृत्त केले व जिवंत माणसेसुद्धा सोडली नाहीत. त्या मनमिळाऊ होत्या, म्हणजे कोणालाही नाही म्हणत नव्हत्या. त्यांच्या पश्चात पती, एक मुलगी, सासरे व जऊळका स्टेशनावर बाकड्यावर बसलेली एक बाई असा परिवार आहे. सदर बाईस कोणीतरी गाडीत बसवून द्यावे ही विनंती.'

आधी मी खूप हसले. दुसऱ्यांदा वाचताना 'असा परिवार आहे' इथे थांबले. हे शब्द मी शेकडो वेळा लिहिले असतील, हात आपोआप लिहितो. त्या बाईला मी मागे टाकून जाणार आहे, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी ओट्यावर गेले.

"यात सासरे काहून लिहिले? तुमी असान का तवा?"

"मी कुठं जातो? माह्या तारखीची जागा तं रिकामीच हाय."

मी त्यांच्याजवळ बसले आणि चार वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले. म्हटलं, वेळ नाही हे खोटं आहे. वेळ काढता आला असता. मला माहीतच नाही ती कुठे निघाली होती. आत्याबाईंनी मला सांगितलं नाही. म्हणून कोणाचंही काम आलं की मी हो म्हणते, म्हणजे ती पिशवी उघडायला नको.

मामाजी बराच वेळ समोरच्या नळावरची भांडणं बघत होते.

"मलेबी नाही सांगतलं," ते म्हणाले. "मेथीचा एक वाफा तिनं सोताच्या हातानं पेरला होता. मी म्हणो, वांग्यायचं झालं का तुह्याले देतो पाणी. आठ दिवस म्हणत राह्यलो, उद्या, उद्या. मेथी माना टाकून राह्यली होती. त्याच्यावरून झालं. ते गेली त्या दिवशी मी पैले तिच्या वाफ्याले पाणी देल्लं. संध्याकाळी आली, वाफा पाह्यला, सैपाकाले लागली. ना तिनं इचारलं, ना मी इचारलं."

"इचाराचं होतं ना, मामाजी."

"राह्यलं. मंग ते गेलीच." त्यांनी चष्मा काढून धोतराने पुसला. "मले वाटलं, तू लिवशीन तवा समजन. म्हणून इचारतो, बसली का. तू खोटंबी लिवलं तरी चालते मले. पण आता लिही बावा."

मला त्या क्षणी माझीच लाज वाटली. एक माणूस पंधरा-पंधरा दिवसांनी माझ्याकडे येऊन विचारत होता आणि मी त्याला बचत गटाचे अहवाल दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाईंना फोन करून सांगितलं, की आठ दिवस मी नाही. "कोणी मेलं तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अकरा तयार आहेत, बाकीच्यांना थांबायला सांगा. मग चार पिशव्या काढून पलंगाखाली सारल्या, मधल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि दारामागची लाल पिशवी बऱ्याच वर्षांनी समोर दिसली.

सहा दिवस लागले. मी तिला गाडीत बसवलं. खिडकीजवळची जागा दिली. ती अकोल्याला उतरली, कारण मला वाटलं, इतकी वर्षं बसून राहिलेल्या बाईला मोठं स्टेशन दाखवावं. तिने एकटीने एका हॉटेलात बसून भजी खाल्ली, चहा मागवला, दुसरा मागवला, आणि कोणीही तिला 'आटप' म्हटलं नाही. बाजारात हिंडली, बांगड्या बघितल्या आणि घेतल्या नाहीत. मेथीच्या बियांची एक पुडी घेतली. संध्याकाळच्या गाडीने निघाली आणि जऊळक्याला उतरली. प्रकरण तिथे संपलं.

सातव्या दिवशी सकाळी मी पानं मामाजींच्या हातात दिली आणि आत येऊन उगाचच डबे पुसायला लागले. त्यांची वाचायची रीत मला माहीत आहे. ओठ हलतात, मध्येच थांबतात, मागचं पान पुन्हा काढतात. चहा नेऊन ठेवला, तो तसाच राहिला. दुसरा नेला, तोही. आमच्या घरात समोसा मागवायची पद्धत नाही, नाहीतर मी तोही मागवला असता.

बऱ्याच वेळाने हाक आली. मी हात पुसत बाहेर गेले. त्यांनी पानं नीट जुळवून मांडीवर ठेवली होती.

"भजे खाल्ले तिनं," ते म्हणाले. "बरं केलं."

"हो."

"पण वापस आली कायले?"

मी म्हटलं, "ते मले नाही लिवता आलं, मामाजी. काहीबी लिवलं तरी खोटं वाटे. तिनं सांगतलं नाही, तं मी कुठून सांगू?"

नळावर आज कोणी भांडत नव्हतं. मग त्यांनी बंडीच्या खिशातून घडी केलेला एक कागद काढला, तो त्यांचाच होता, सहा ओळींचा. घड्या पडून पडून मधोमध फाटायला आलेला. तो उलगडून त्यांनी माझ्यापुढे धरला आणि पेन्सिलही दिली.

"तीन ओळी राह्यल्या होत्या ना माह्या?"

"हो."

"लिही," ते म्हणाले आणि समोर बघत सावकाश सांगायला लागले. "त्यायची बायको एकदा घर सोडून गेली होती. जऊळक्याच्या टेसनावर गाडीबी आली होती. तरी ते वापस आली."

मी लिहिलं. त्यांनी ओळी मोजल्या. नऊ झाल्या होत्या.